गणती

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ती येते,
काखेत लाल झेंड्यांची जुडी, गुडघ्यांना जाड रबरी पट्टे,
आणि पिजन फोर्कच्या चर्चमागे
थडग्यांमधून रांगू लागते.

व्हर्लिन स्टिल्टनर गवत कापायचं यंत्र बंद करतो.
"किती?"
"मोजतेय अजून."
अकरा वर्षं एवढंच बोलणं,
आणि थर्मासमधली अर्धी अर्धी कॉफी.

सरपटणारी रानतिपानी.
पांढऱ्या फुलाच्या गळ्याशी पानांची एक जोडी, ही तिची खूण.
पानावर फिकट कमान दिसली तर ती दुसरी,
बोटीतून आलेली, कुठेही बस्तान मांडणारी.
हिचं तसं नाही.
हिचा धुमारा हातभर जातो, पेरापाशी थबकतो,
माती चाचपतो, मग मूळ सोडतो.
मुळानं धरलेलं प्रत्येक पेर म्हणजे एक.
असं मोजायचं.

एके काळी ही पार कॅन्ससपर्यंत होती.
बायसनचे कळप जिथून जात
खुरांनी रान विस्कटत, झाडोऱ्याला भगदाडं पाडत,
तिथे मागोमाग ही.
कळप संपले. वाटा बुजल्या.
चाळीसेक वर्षं कुणाच्या दृष्टीस पडली नाही,
आणि सापडली ती
जीपच्या चाकोरीत.
आता नकाशावर ठिपके, ओहायोत, केंटकीत, मिसूरीत थोडे,
ओले हात झटकल्यावर भिंतीवर उडतात तसे.

इथला ठिपका म्हणजे
तिसरी ओळ, एडा स्टिल्टनरच्या पायथ्याशी.
एकाच दगडावर दोन नावं:
एडाच्या दोन्ही तारखा,
व्हर्लिनची एक, मग आडवी रेघ, मग गुळगुळीत जागा.

दोनशे चौदा. दोनशे दोन. दोनशे एकतीस.
मग खात्याला माया आली.
चार खांब, तार, पाटी: आत पाऊल टाकू नये.
त्याच वर्षी व्हर्लिनचा खुबा मोडला.
दोन उन्हाळे कापणं नाही, तुडवणं नाही.
गवत मांडीएवढं, त्यावर रानगुलाबाची जाळी.
डोरीथा प्यूनं जाळीत हात घालून मोजले.
एकोणीस.
पुन्हा मोजले. एकोणीसच.

त्याच आठवड्यात पत्र आलं:
देशभराचा हिशेब आता बरा आहे,
संकटग्रस्तांच्या यादीतून हिचं नाव कमी केलं आहे.
"कमी केलं म्हणजे?" व्हर्लिननं विचारलं,
"मेलेल्याचं करतात तसं?"
"नाही. जगलेल्याचं."
तो हसला नाही.
बँकेतून, निवडणुकीच्या कचेरीतून
एडाचं नाव त्यानंच कमी करून आणलं होतं.
दोन्हीकडे खिडकीतली बाई म्हणाली होती, झालं हं.

तार त्यानंच कापली,
एका हातात पक्कड, दुसऱ्यात काठी.
डोरीथानं गुलाब मुळासकट ओढले, मनगटं रक्ताळली.
मग मातीत बसूनच म्हणाली,
आता कुणीतरी तुडवायला हवं इथे.
जड असलेलं बरं.

व्हर्लिननं इकडेतिकडे पाहिलं.
डोंगर होता, चर्चची गाडी होती, दुसरं कुणी नव्हतं.
तो चालू लागला
एडाच्या कडेनं, मग स्वतःच्या जागेवरून,
काठी टेकत, टाच रोवत,
त्या टोकापर्यंत,
आणि परत.