मैल अकरा

जालन्याहून अंबडकडे निघालं
की अकराव्या मैलाला पिंपळ,
पिंपळाखाली अण्णांचं गॅरेज :
चार बल्ल्या, पत्रा, एक खड्डा
आणि ग्रीसनं काळी झालेली बाज.

मैलाच्या दगडावर अकरा उर्दूत होतं.
दोन उभ्या रेघा, शेजारी शेजारी.
अण्णा म्हणायचे, आकडा नाही तो, पाय आहेत.
ह्या रस्त्याची खरी गाडी अकरा नंबरची.
बाकीच्या सगळ्या माझ्याकडं येतात,
कण्हत.

प्लायमाउथ आली पोलीस ॲक्शनच्या आधी आठ दिवस.
पिस्त्याच्या रंगाची. बॉनेटवर शिडाचं जहाज,
चकचकीत, तळहाताएवढं.
जहागीरदारांचा ड्रायव्हर सरवर
किल्ली हातावर ठेवून म्हणाला,
"गिअर अडकतोय, मुंजाजी. जुम्म्याला येतो."
कुठल्या जुम्म्याला, ते बोलला नाही.

गिअर दुसऱ्याच दिवशी नीट झाला.
मग दर शुक्रवारी अण्णा ताडपत्री काढायचे,
हँडल मारून पाच मिनिटं इंजिन फिरवायचे,
रस्त्याकडे पाठ करून,
वाट बघतोय असं दिसू नये म्हणून.
आई वहीत लिहायची : सरवरभाई, पेट्रोल, सव्वा रुपया.
वही भरली. तिनं दुसरी शिवली.

तेलाच्या कंपनीचं एक कॅलेंडर होतं, एकावन्न सालचं,
साल उलटलं तरी कुणी उतरवलं नाही.
अमेरिकेतला रस्ता. काचेचं हॉटेल, लाल पंप,
अशीच एक गाडी,
गाडीतच बसून जेवणारी हॅटवाली बाई,
आणि खिडकीला ताट अडकवणारा पोऱ्या.
भाकरी मोडता मोडता अण्णा बघत राहायचे.
एकदा म्हणाले,
"समदं हाय. पण ह्या रस्त्यानं
चालत कुणीच कसं जाईना?
वाट कुणाला इचारायची मग?"

मागच्या सीटवर मी पाढे पाठ केले.
जहाज बघून विचारायची, समुद्र किती मैल?
समुद्र पाहिलेला माणूस आमच्याकडं एकच यायचा,
डांबराच्या टँकरचा क्लीनर.
तो म्हणायचा, खारट असतो. बस्स.

मग पेंटर आला, दगडाला सफेदा मारून
त्यानं मराठीत अकरा काढले.
पुढं किलोमीटर आले, अकराचे अठरा झाले,
जालना होतं तेवढंच लांब राहिलं.

बहात्तरला विहिरींत बादल्या आपटायला लागल्या.
रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बाया
दुपारी गॅरेजात पाणी मागायच्या.
दोन रात्री अण्णांना झोप नव्हती.
तिसऱ्या दिवशी त्यांनी प्लायमाउथचं इंजिन उतरवलं,
माळावरच्या खोल विहिरीवर बसवलं,
पट्टा लावून पंपाला जोडलं.
आईनं वहीत लिहिलं : सरवरभाई, इंजिन, उसनं.

पहिलं पाणी गढूळ आलं.
अण्णांनी माझ्या पोराच्या हातात जहाज दिलं,
त्यानं ते हौदात सोडलं.
बुडालं. धातूच तो.
बाया हसल्या,
खडीच्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या पापण्यांच्या.

यंदा रस्ता चौपदरी होतोय, पिंपळ गेला.
पोकलेननं दगड उपटला, आडवा पडला,
सफेद्याचे पापुद्रे सुटले, एकाखाली एक,
आणि तळाशी त्या दोन रेघा.
आडव्या पडल्यावर
त्या बरोबरच्या चिन्हासारख्या दिसतात.
मी तीस वर्षं गणित शिकवलं;
अलीकडं काय मांडायचं, पलीकडं काय,
सुचलं नाही.

पोकलेनवरचा पोरगा बिहारचा.
"माँजी, पत्थर ले जाना है?"
नको म्हटलं. कुठं ठेवू?
वह्या आहेत घरात, तेवढं पुरे.

रिक्षा एकही थांबेना. शुक्रवार होता.
निघाले मग अकरा नंबरनं,
गुडघा कुरकुरत होता,
पिशवीत किल्ली.