खुळखुळा

अंबडच्या शेडमध्ये, दुपारच्या शिफ्टचा भोंगा होऊन गेल्यावर,
दगू पगारेनं बॉनेट उघडलं आणि आधी नुसता वास घेतला.
"तीनदा पॅकिंग बदललं म्हणता?
तेल गळत नाहीये, साहेब. आतून ढकललं जातंय."

वहीचं पान फाडून
तेलाच्या उघड्या तोंडावर ठेवलं, इंजिन चालू.
पान आत ओढलं जायला हवं होतं.
थरथरलं, उडालं, बॅटरीमागे जाऊन पडलं.

मग मागच्या कोपऱ्यात बोटं आंधळी घालून,
कडक झालेल्या रबरी नळीच्या टोकाशी
त्याला तो सापडला. करंगळीएवढा व्हॉल्व,
काजळी प्यायलेला.
स्वतःच्या कानाशी हलवला, मग माझ्या.
"ऐका."
काहीच नाही.
"हेच. चांगला असता तर वाजला असता."

एवढंसं भोक,
एवढ्या धुडाला उसासा टाकायला.

पोऱ्यानं द्वारकावरून नवा आणला, अडीचशेचा.
डबीतच खुळखुळत होता.
नळीत बसवून त्यावर माझा अंगठा ठेवायला लावला:
ओढ लागली, लहान मूल बोट चोखतं तशी.

जुना मी मागून घेतला.
पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला, काच वर करून,
खिशातून काढला
आणि पुन्हा एकदा हलवून पाहिला.