आसन क्रमांक नऊ

मोजा, मोजा. पट्टी सैल धरा जरा, बूड तिरकं आहे.
आज्यानं बाभळीचा पाय जोडला तेव्हापासून
खुर्ची नदीकडे कलते.

सहाच झाली म्हणता अशी विमानं,
माणसं न्यायला, लढाईच्या घाईत.
दोन जळाली, एक समुद्रात,
दोन मोडीत काढली लढाई सरल्यावर,
आणि सहाव्यापुढं तुमच्या वहीत लिहिलंय : बेपत्ता.

बेपत्ता कसं भाऊ?
वैशाखात, भर दुपारी, तापीच्या वाळूत
झिपरू भोयाच्या टरबुजांवर उतरलं ते.
घरंगळत गेलं पार डोहाच्या काठापर्यंत.
लाल बघून बाया रडायला लागल्या.
मग एकीनं बोट लावून चाखलं.

दार उघडलं. नऊ जण.
एक नर्स, एक हिशेबनीस, बाकी टोपीवाले.
कुणाला कुणाचं कळेना.
झिपरूनं विळ्यानं फोडी केल्या, तेवढं कळलं.
साहेबानं तोंड पुसून चिठ्ठी लिहून दिली :
दोनशे बारा टरबुजं, पैसे सरकार देईल.

भुसावळहून मिस्तरी आले,
इंजिनं गेली बैलगाडीवर.
उरलेलं आषाढात नदी मागायला आली,
तिच्या आधी गावानं उचललं.
यसाबाईकडं पत्र्याची कोठी आहे, दादर भरायची,
आतून अजून आकडे दिसतात.
पट्टे बैलांना मानवले नाहीत, पाळण्याला मानवले.

आज्याच्या वाट्याला ही.
बाजूची कळ ओढली की मान मागं जाते
हे कळलं तेव्हा, म्हणतात,
तो एकटाच बसून संध्याकाळपर्यंत मागं-पुढं करत होता.

ऐंशी वर्षं झाली.
नवरदेव, फौजदार, जावळाची पोरं मांडीवर घेऊन मामे,
सगळे इथं टेकले,
डोळे मिटून, गळा उघडा टाकून,
दुसऱ्याच्या हातावर भरवसा ठेवून.
विमानात तरी वेगळं काय करतात?

विकायची नाही.
वहीत काय लिहायचं ते लिहा.
'सापडलं' नका लिहू मात्र,
आमच्याकडून ते कधी हरवलं नव्हतं.

बसा आता. दाढी वाढलीय तुमची.
आणि जाताना झिपरूच्या नातवाला भेटून जा,
चिठ्ठी आहे त्याच्याकडं, प्लास्टिकात घातलेली.
दोनशे बाराचा आजचा भाव
त्यानं काढून ठेवलाय.