तार

चोपन्नाव्या वर्षी माझ्या तोंडात
कुंपण घालायला घेतलं.

रेक्समच्या दवाखान्यात शेजारी
तेरा वर्षांची एक मुलगी, शाळेचा टाय सैल सोडलेला.
तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे,
या बाईंची नात कुठाय म्हणून.
आतून हाक आली, "हेलेद प्रिथेर्च!"
आणि मीच उठले,
बुटांना अजून गोठ्यातला चिखल.

माझे खालचे दात आयुष्यभर
एकमेकांवर दात धरून बसलेले.
फाटकाशी मेंढरं अडतात तसे,
एक पुढे घुसलेला, एक त्याच्या आड,
मागे हटायला कुणीच तयार नाही.
लहानपणी घरात पैसे होते एकाच तोंडापुरते.
ते इदवालच्या तोंडात गेले.
तो बँकेत जाणार होता.
तो बँकेत गेला.
मी मेंढरांपुढेच हसणार होते,
असं कुणी बोललं नाही. ठरलं मात्र तसंच.

इदवालवर माझा दात नाही.
(एक आहे. डावीकडचा, सुळ्याच्या शेजारचा.)

डॉक्टर ओलुवोले म्हणाले,
तार थोडी थोडी ताणायची, घाई नाही करायची.
तोंडात त्यांची बोटं होती, नाहीतर सांगितलं असतं
की नऊ वर्षांची असल्यापासून मी खांब धरून उभी राहिलेय,
बाबा तार ओढताना.
एकदम ओढली की खांब उपटतो,
सैल सोडली की पहिला मेंढा पलीकडे.
बोटं निघाल्यावर सांगितलं.
ते आरसा हातात धरून ऐकत राहिले,
मग म्हणाले, खांब किती खोल पुरता?

पहिला आठवडा सूपवर.
उकडलेला बटाटासुद्धा दुखला.
गालाच्या आतून तारेचं टोक
रात्रभर काहीतरी लिहीत होतं.
मेणाची गोळी लावायची, हे त्या मुलीनेच शिकवलं,
पुढच्या खेपेला, स्वतःच्या डबीतली देऊन.
"पहिल्यांदा सगळ्यांनाच रडू येतं," ती म्हणाली.
मी रडले नव्हते.
पण तिला तसं सांगितलं नाही.

शीळ गेली, हे मला कुणी आधी बजावलं नव्हतं.
पुढच्या दोन दातांमधली फट, तिथे जीभ टेकवायची:
लांब शीळ म्हणजे डावीकडून जा,
दोन तुटक म्हणजे उजवीकडून,
खाली उतरणारी म्हणजे बस, आता बस.
आता नुसती हवा, आणि थुंकी.
नेल चढावर मान वाकडी करून बसली,
घरात अनोळखी पाहुणा आला की बसते तशी.
मेंढरं गेथिनच्या सलगमात शिरली.
गेथिन कुंपणापलीकडून दात काढत होता.
त्याचे तरी कुठे सरळ आहेत.

बावीस महिने.
तार निघाली तेव्हा जीभ घाबरली,
सामान हलवल्यानंतरच्या घरासारखं सगळं मोकळं, गुळगुळीत.
आरशात कुणाचेतरी नीटनेटके दात,
काउंटरमागे बसून नोटा मोजणाऱ्या बाईचे.
ते मी घरी घेऊन आले.

रविवारी इदवाल आला. चहा घेतला. "छान," म्हणाला,
आणि हसला,
तेव्हा पहिल्यांदाच नीट पाहिलं मी त्याच्या तोंडात.
खालची रांग पुन्हा वाकडी, माझी होती तशीच.
रात्रीची प्लेट म्हणे अठराव्या वर्षीच
लिव्हरपूलच्या कुठल्याशा खोलीत विसरला.
मी त्याला आणखी एक केक वाढला.
माझी प्लेट उशाशी असते, निळ्या डबीत.

काल संध्याकाळी वरच्या कुरणात
नव्या दातांतून फुंकर घातली.
फट नाही. तरीही कुठूनतरी निघाली,
किटली तापायला लागते तेवढी, बारीक.
नेल उठली. थांबली.
मग पळाली डावीकडून.
उजवीकडून म्हटलं होतं मी.
मेंढरं तशीही खाली आली.