चार सेकंदांपेक्षा मोठी शांतता

नियम छापील आहे, भिंतीवर डकवलेला :
चार सेकंदांपेक्षा मोठी शांतता कापून टाकावी.

मी तळघरात बसते, हातात पांढरे सुती मोजे,
एकेक फीत उलगडत, संगणकात उतरवत.
काहींना व्हिनेगरचा वास सुटलाय.
एका डब्याच्या झाकणावर
कुणीतरी चीजचा हिशेब मांडलाय पेन्सिलीनं,
आणि तो चुकलाय.

पहिलं केंद्र म्हणजे शाळेमागची खोली,
आवाज घुमू नये म्हणून भिंतींना घोंगड्या.
आठवड्याला चाळीस मिनिटं,
तीही पोरांची घंटा व्हायच्या आत उरकायची.
कुठली खिंड बंद, कुणाची गाय हरवली,
कोण गेलं,
आणि गवत उद्या कापावं की परवा.

बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात.
इथं एक बोगदा पुरतो.
अलीकडे साधा बटाटा,
पलीकडे त्यालाच ‘मातीतलं सफरचंद’.
मूठभर माणसांची भाषा, तिच्या पाच तऱ्हा,
आणि माइक एकच.

म्हणून ही पत्रांची फाइल, फितींहून जाड.
वरच्या खोऱ्यातला बाल्त्सर रिश लिहितो :
‘तुमची बाई बोलते ते माझ्या गायींना कळत नाही.’
खाली संचालकांच्या उत्तराची कार्बन प्रत :
‘आपल्या गायींचा आदर राखून कळवतो,
की पलीकडच्या गायींची तक्रार नेमकी उलट आहे.’

ती बाई म्हणजे मेंगिया देरुंग्स.
एकसष्ट साली आली टंकलेखनाला,
निवेदकाचा घसा बसला त्या सकाळी
हातात कागद देऊन तिला आत ढकललं,
ती तेहतीस वर्षं बाहेर आली नाही.

डबा तीनशे अकरा. फेब्रुवारी, अडुसष्ट.
मेंगिया वाचते :
वरच्या वस्तीचा रस्ता हिमलोटानं बंद.
शाळा बंद.
प्लाची तुओर यांनी घरी फोन करावा.

मग काहीच नाही.
म्हणजे खुर्ची करकरते,
पेल्यात पाणी पडतं,
काचेपलीकडून कुणी दोन शब्द बोलतं, ते लागत नाहीत.
एकोणीस सेकंद.
मग पुन्हा तीच, तोच सूर :
प्लाची तुओर यांनी घरी फोन करावा.
आणि लगेच वासरांचे भाव.

मी नोंदवही चाळली. त्या दिवसाचं पान नाही.
मग रविवारी बस धरून गेले वृद्धाश्रमात.
मेंगिया सत्त्याऐंशीची, नखं रंगवलेली, कान तिखट.
फोनवर ऐकवली तिला तिचीच शांतता.
हसली. ‘अगं, शिंक आवरत होते!’
आणि प्लाची?
‘तो? गुत्त्यात पत्ते कुटत बसला होता,
रेडिओ बंद करून. आमचे श्रोते असे.’

एकोणीस सेकंद शिंक?
तिनं बिस्किट बशीत ठेवलं,
पुन्हा उचललं.
‘कॉफी निवतेय तुझी,’ म्हणाली.

आता संध्याकाळचा अर्धा तास बंद होणार म्हणतात.
ॲपवर मिळेल, हवं तेव्हा, हवं त्याला.
वरच्या मजल्यावरचा नवा मुलगा हुशार आहे,
पाचही तऱ्हांत ‘मुसळधार’ म्हणू शकतो.
पण हवं तेव्हा मिळणाऱ्या आवाजानं
एखाद्या प्लाचीला हाक कशी मारायची,
हे त्याला विचारलं तर खांदे उडवतो,
आणि मलाही कुठं ठाऊक आहे.

पाच वाजत आले. मोजे काढले.
पडद्यावर खूण लुकलुकते :
शांतता आढळली. कापायची?
‘नाही’ दाबलं.
मग चौकट विचारते, कारण लिहा, वीस अक्षरांत.
लिहिलं : शिंक.
खोडलं.
लिहिलं : रस्ता बंद.
तेही पटेना, पण दिवे घालवणारा माणूस
जिन्यात किल्ल्या वाजवत उभा होता.