तीन टिंब दहा

दांडिया बाजार, रात्रीचे अकरा.
तंबोऱ्याचा सूर धरणारं लहानसं पॅकेज
बांधायला घेतलं, तर यंत्र अडून बसलं:
पायथन जुना आहे, निदान तीन टिंब नऊ हवा.
माझ्याकडे तीन टिंब दहा.

अण्णा खाटेवरून, चष्म्याशिवाय:
"बरोबरच आहे त्याचं.
दहातलं शून्य गेलं, उरला एक दशांश.
नऊ दशांश मोठा. सातवीचं गणित, वैजू."
छत्तीस वर्षं सयाजीगंजच्या शाळेत
हेच टिंब त्यांनी पोरांच्या डोक्यात ठोकून बसवलं.

अण्णा, हे टिंब ते नव्हे.
हे पत्त्यातलं. तिसरी पोळ, दहावं घर.
नवव्याच्या पुढे दहावंच येतं ने?
टपालवाला काही भागाकार करत नाही.

ते गप्प.
पटलं की झोप लागली, कळेना.

ज्यानं ती ओळ लिहिली त्याचा ठावठिकाणा नाही.
त्यानं आकडे वाचलेच नाहीत,
अक्षरं वाचली: एक आधी, नऊ नंतर, संपलं.
आणि डिस्ट्रोत पायथन एकच,
त्याच्यावर हजारभर पॅकेजांचं बिऱ्हाड;
तंबोऱ्यापुरता जुना ठेवा, कुणाला सांगू?

तुलना तेवढी बदलते. चार ओळींचं ठिगळ,
वर कारण लिहून ठेवते,
पुढच्याला शिव्या द्यायला नाव सापडावं म्हणून.

पावणेएक. बांधून झालं.
चाचणीला एकदाच वाजवलं, आवाज अगदी बारीक करून.

अंधारातून अण्णा:
"पंचम चढलाय."
किती?
"दशांशभर."