कम माय

पहिली पेरली ती भाजकीच निघाली.
गडहिंग्लजहून आलेली, बरणीतली,
जेवण झालं की चिमूटभर तोंडात टाकायची.
पंधरा दिवस ओल्या मातीकडे बघत बसले,
शेवटी जिन्सी बाल्कनीच्या दारातून म्हणाली,
भाजलेलं कधी उगवतं का, दीदी?
आठ वर्षं डायलिसिसला काढलेल्या बाईला
एवढं कळू नये.

मग सोहारच्या त्या थंडगार वॉर्डात
चार नंबरच्या खुर्चीवरच्या झुवैनाने
डोईच्या फडक्याची गाठ सोडून दिली थोडी,
तिच्या बागेतली, हिरवट, धूळ लागलेली.
शमर, ती म्हणाली.
बडीशेप, मी म्हणाले.
दोघींनी एकमेकींचा शब्द जिभेवर घोळवला
आणि जरा मोडून परत केला.

रात्रभर भिजवली. सकाळी पेरली,
अर्ध्या पेराएवढी खोल,
दहा लिटरच्या पाण्याच्या बुधल्याचं तोंड कापून.
हिचं मूळ सरळ खाली जातं.
नंतर जागा बदलली तर रुसते,
कायमच्या जागीच पेरावी म्हणतात.
माझा व्हिसा दोन वर्षांचा. पेरली.

पाणी एसीचं.
भिंतीतल्या नळीतून थेंब, थेंब, खालच्या बादलीत.
ऑक्टोबरातही रात्रीत अर्धी भरायची.
नवव्या दिवशी गवताच्या काडीसारखं काही,
मग मऊ पिसारा,
थेट शेपूच.
शेपूच्या भाजीच्या दिवशी मी शेजारी जेवायची,
आणि इथे त्याच वासासाठी गुडघे टेकून, नाक मातीला.

झुवैना येते रविवारी, मंगळवारी, गुरुवारी.
काट्यावर उभी राहते:
तीन किलो दोनशे जास्त.
चोरून प्यायलीस, मी म्हणते.
ती छताकडे बघते.
तिला दिवसाला अर्धा लिटर, चहा धरून.
मी सुया टोचते, पट्टी लावते,
आणि ती विचारते, कम माय?
किती पाणी दिलंस तिला?

एक ग्लास, मी सांगायची.
दीड.
काल ऊन फार होतं, दोन.
ती मान डोलवायची, हळूहळू,
तिच्या बागेला फलजचं पाणी अर्धा तास मिळायचं, आठवड्यातून एकदा,
आणि त्या अर्ध्या तासात घरातलं कुणी बोलायचं नाही, म्हणाली,
सगळे नुसते ऐकत उभे.

डिसेंबरात एसी बंद झाला. मग नळाचं,
समुद्रातून मीठ काढून आलेलं.
जानेवारीत अळ्या.
हिरव्या, काळ्या पट्ट्यांच्या, पट्ट्यांवर नारिंगी ठिपके,
सात. एका रात्रीत एक बाजू साफ.
जिन्सी चिमटा घेऊन तयार,
वॉर्डातला, निर्जंतुक.
मी फोटो काढला, झुवैनाला दाखवला.
ती हसली, मशीनची नळी हलली.
आणि या? कम माय?

पाणी पीतच नाहीत, म्हटलं,
पानातलं पुरतं त्यांना.

ती कितीतरी वेळ त्या फोटोकडे बघत राहिली.
बोट लावून एक अळी मोठी केली,
आणखी मोठी.
पानातलं, म्हणाली.
चिमटा मी परत ट्रेमध्ये ठेवला.

बुडातून पुन्हा फुटली.
मार्चमध्ये पिवळ्या छत्र्या, मग दाणे,
काही हिरवे, काही वाळलेले,
सगळे मिळून मूठभरसुद्धा नाहीत.
गॉजच्या पुडीत बांधून नेले.

झुवैनाने एक दाणा दातांत धरला,
तीनच दात आहेत, तेही शेजारी नाहीत.
सगळं मिळून? तिने विचारलं. पहिल्या दिवसापासून?
मी कुठे मोजलं होतं.
चाळीस लिटर, म्हटलं, अंदाजाने.

तिने मोकळ्या हाताच्या बोटांवर पेरं मोजली,
चुकली, पुन्हा पहिल्यापासून.
माझे ऐंशी दिवस, म्हणाली,
आणि चघळत राहिली.
मशीन वाजलं. मी नळी सरळ करायला वळले.
मागे फडक्याला गाठ मारल्याचा आवाज.
तसा आवाज होत नाही, पण मला आला.